अमृतमहोत्सवाची भेट

मनुष्याचा वाढदिवस दरवर्षीं येतो व जातो. परंतु कांहीं वाढदिवस असे असतात, कीं ते त्या एकट्या माणसाचे राहत नाहींत. आपल्या समाजानें अशा दिवसांना निरनिराळीं नांवें देऊन ठेविलीं आहेत. साठ वर्षें पुरीं झालीं म्हणजे षष्ट्यब्दिपूर्ति, पंचाहत्तर झालीं म्हणजे अमृतमहोत्सव, आणि आयुष्यांत एक हजार पौर्णिमा पाहून झाल्या म्हणजे सहस्रचंद्रदर्शन. हा शेवटचा हिशेब जिज्ञासु विद्यार्थ्यांनीं कागदावर करून पाहावा. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सुमारें साडेएकोणतीस दिवस धरले, तर हजार पौर्णिमांना ८० वर्षें व आणखी नऊ-दहा महिने लागतात. इतका दीर्घ काळ ज्याच्या वांट्यास आला, त्याला आप्तेष्टांनीं दिवे लावून ओंवाळावें हें स्वाभाविकच आहे. पण दिवे मालवल्यानंतर त्या दिवसाचें मागें काय उरतें, हा प्रश्न मला या वर्षीं पडला आहे. आणि तो पडण्याचें कारण अगदीं जवळचें आहे.

ज्या स्नेह्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून मीं या शाळेच्या शिक्षकांच्या खोलींत बत्तीस वर्षें काढलीं, ते येत्या एप्रिल महिन्यांत पंचाहत्तर वर्षांचे होतील. त्यांचें नांव मी येथें मुद्दामच लिहीत नाहीं. तें छापलेलें पाहिलें तर ते या अंकाची प्रत संपादकांकडे परत पाठवितील, अशी माझी खात्री आहे. १९७६ च्या जून महिन्यांत मी भूगोल शिकवावयास या शाळेंत आलों, तेव्हां ते संस्कृत व मराठी शिकवीत होते. त्यांचा आवाज मोठा नव्हता, व हातांत छडी तर कधींच नव्हती. तरी त्यांच्या वर्गांतून गलबला असा कधीं ऐकूं आला नाहीं. आम्हां दोघांचें पुष्कळ गोष्टींत जमत नसे. ते उत्तरपत्रिकेवर अर्धा गुण देण्याच्या विरुद्ध, तर मी त्या बाजूचा. सहलीस न्यावयाचें तर त्यांचें मत थिबा राजवाड्याकडे, माझें जयगडच्या किल्ल्याकडे. बत्तीस वर्षांत हे वाद मिटले नाहींत, आणि स्नेहही तुटला नाहीं. एकाच कामास जुंपलेल्या दोन माणसांत मतभेद असूनही स्नेह कसा नांदतो, हें मी त्यांच्याच संगतींत शिकलों.

त्यांच्या शिकवण्याविषयीं त्यांचे विद्यार्थी माझ्याहून चांगलें सांगतील. मला सांगावयाचें आहे तें त्यांच्या पेटीविषयीं. १९८३ च्या पावसाळ्यांत आठवींतील एक मुलगा चार दिवस पुस्तकांवांचून वर्गांत बसला. चौकशी करतां कळलें, कीं घराच्या गळक्या छपराखालीं त्याचीं सर्व पुस्तकें भिजून त्यांचा लगदा झाला होता, आणि तीं पुन्हां विकत घेण्याइतके पैसे घरांत नव्हते. माझे स्नेही त्याला कांहीं बोलले नाहींत, व कोणाकडे वर्गणीही मागावयास गेले नाहींत. वरच्या वर्गांत गेलेल्या मुलांकडून त्यांनीं जुनीं पुस्तकें मागून आणिलीं, रात्रीं बसून तीं नीट बांधिलीं, आणि शनिवारीं शाळा सुटून इतर मुलें घरीं गेल्यावर तीं त्या मुलाच्या हातीं दिलीं. पुढच्या एप्रिलांत त्यांनीं फणसाच्या लांकडाची एक जुनी पेटी घरून आणून ग्रंथालयाच्या कोपऱ्यांत ठेविली. एप्रिलांत पुस्तकें गोळा करावीं, मे महिन्यांत बांधावीं व जूनमध्यें गरजूंना द्यावीं, असा क्रम तेव्हांपासून चाळीस वर्षांवर चालला आहे. निवृत्तीनंतरही त्यांत खंड पडला नाहीं.

कोंकणच्या हवेंत पुस्तक टिकविणें सोपें नव्हे. आषाढांत कागद ओलसर होऊन मऊ पडतो, श्रावणांत त्यावर बुरशी चढते, आणि भिंतींतून वाळवी केव्हां येईल याचा नेम नसतो. यावर माझ्या स्नेह्यांची एक ठराविक रीत आहे. मैद्याची खळ शिजवितांना ते तींत थोडें मोरचूद घालतात, म्हणजे तिला कीड लागत नाहीं. मोरचूद विषारी असल्यामुळें तें काम मात्र त्यांनीं मुलांच्या हातीं कधीं दिलें नाहीं. सुटलेल्या पानांना दाभणानें भोंकें पाडून तीं मेण लावलेल्या दोऱ्यानें शिवावयाचीं, पाठीवर कापडाची पट्टी डकवावयाची, नवा पुठ्ठा चढवावयाचा, आणि वर जात्याची जुनी तळी ठेवून पुस्तक रात्रभर दाबांत ठेवावयाचें. पेटींत एक वहीही आहे. तींत पुस्तकाचें नांव, तें आल्याची तारीख व गेल्याची तारीख इतकेंच लिहिलेलें आढळतें. नेणाऱ्याचें नांव कोठेंच नाहीं. मीं एकदां याचें कारण विचारलें, तेव्हां ते म्हणाले, “अहो, नांव लिहिलें नाहीं तर फार झालें तर एखादें पुस्तक जाईल. नांव लिहिलें तर मुलगा यावयाचा थांबेल.”

आतां त्यांचे हात कांपूं लागले आहेत. आठवीपर्यंतच्या मुलांना पाठ्यपुस्तकें सरकारांतून मोफत मिळूं लागल्यापासून पेटीवरचा भार कांहींसा हलका झाला खरा. तरी नववी-दहावीचीं पुस्तकें, कोश, नकाशांचीं पुस्तकें व कंपासपेट्या यांची गरज राहिलीच आहे. गेल्या मे महिन्यांत जमलेल्या पुस्तकांपैकीं निम्मींच त्यांच्या हातून बांधून झालीं. अशा वेळीं कांहीं माजी विद्यार्थ्यांनीं त्यांचा अमृतमहोत्सव करण्याचें ठरविलें, शाल, श्रीफळ व मानपत्र यांची योजना केली, आणि हें सांगण्यासाठीं मला त्यांच्याकडे पाठविलें. ऐकून ते हंसले व म्हणाले, “एप्रिल महिन्यांत रत्नागिरीस शाल पांघरवून तुम्हांला माझा सत्कार करावयाचा आहे, कीं मला घाम फोडावयाचा आहे?” मग कांहीं वेळ गप्प राहून त्यांनीं विचारलें, “मास्तर, पेटीचें काय करणार, तें सांगा.”

या प्रश्नाचें उत्तर माझ्यापाशीं तत्काळ नव्हतें. तें शोधूं लागलों असतां मला आपल्याच जिल्ह्यांत जन्मलेल्या तीन थोर पुरुषांचे वाढदिवस आठवले. त्या प्रत्येक प्रसंगीं स्नेह्यांनीं व सहकाऱ्यांनीं काय दिलें, आणि त्या देण्याचें पुढें काय झालें, हें पाहण्यासारखें आहे. लहान माणसाच्या सत्काराची रीत थोरांच्या सत्कारावरून ठरवूं नये असें कोणी म्हणेल. पण मोठें अक्षर पाहूनच आपण लहान अक्षर गिरवावयास शिकतों.

पहिला प्रसंग लोकमान्य टिळकांचा. २३ जुलै १८५६ रोजीं त्यांचा जन्म रत्नागिरीस झाला. टिळक आळींतील तें घर आपल्या शाळेंतील बहुतेक मुलांनीं पाहिलेलें आहे. २३ जुलै १९१६ रोजीं त्यांना साठ वर्षें पुरीं झालीं, तेव्हां पुण्यास त्यांच्या राहत्या गायकवाड वाड्यांत मोठा समारंभ झाला व लोकांनीं त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण केली. त्याच दिवशीं सरकारनेंही आपली भेट पाठविली: होमरूलविषयीं केलेल्या भाषणांबद्दल वीस हजार रुपयांचा जातमुचलका व दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागणारी नोटीस. पुढें नोव्हेंबरांत मुंबईच्या हायकोर्टानें तो हुकूम रद्द केला. टिळकांच्या बाजूनें त्या कामांत बॅरिस्टर जीना उभे राहिले होते. थैलींतील पैसा टिळकांनीं स्वतःचा मानिला नाहीं. तो देशकार्यासाठींच स्वीकारला. भेट घेणारा निःस्पृह असला म्हणजे भेटीचें काम बनतें, हें येथें दिसतें.

परंतु या समारंभांत मला एक रिकामी जागाही दिसते. टिळकांचे कॉलेजांतील जिवलग मित्र व पुढें शाळेंतील आणि वर्तमानपत्रांतील सहकारी गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ चा. म्हणजे ते टिळकांहून अवघ्या नऊ दिवसांनीं मोठे. दोघांनीं मिळून शाळा चालविली, ‘केसरी’ चालविला, १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवसांची शिक्षा एकत्र भोगली. पुढें मतभेद होऊन वाटा फुटल्या, आणि १७ जून १८९५ रोजीं, वयाचें एकोणचाळिसावें वर्षही पुरें होण्यापूर्वीं, आगरकर वारले. १९१६ चा तो जुलै महिना हिशेबानें आगरकरांच्याही षष्ट्यब्दीचा होता. जुन्या सहकाऱ्याचा वाढदिवस साजरा करतांना जे आज हयात नाहींत त्यांचेंही स्मरण होतें, तें यामुळेंच. मी या शाळेंत आलों तेव्हां शिक्षकांच्या खोलींत आम्ही चौदा जण होतों; आज पांच आहोंत. जो सहकारी अजून समोर बसून आपल्याशीं वाद घालूं शकतो, त्याच्या प्रश्नाचें उत्तर लांबणीवर टाकूं नये, हें मला त्या रिकाम्या जागांनीं शिकविलें आहे.

दुसरा प्रसंग पुढच्याच वर्षाचा आहे, व माझ्या मतें तो सर्वांत बोधप्रद आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजीं मालवणास झाला. मालवण त्या काळीं रत्नागिरी जिल्ह्यांतच होतें. १९८१ पासून तें सिंधुदुर्गांत आहे. त्यांचे वडील महसूल खात्यांत कारकून होते. १८४७ सालीं त्यांची बदली रत्नागिरीस झाली, म्हणून मुलाला येथील इंग्रजी शाळेंत शिकतां आलें. १८६२ सालीं मुंबई विश्वविद्यालयाचे जे पहिले चार पदवीधर झाले, त्यांत भांडारकर होते; महादेव गोविंद रानडे हे दुसरे, आणि बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे आणखी दोघे. त्यानंतर थोड्याच वर्षांत भांडारकर रत्नागिरीच्या हायस्कुलाचे हेडमास्तर होऊन आले. शाळेंत शिकवीत असतां मुलांना संस्कृत शिकण्यास जी अडचण पडे, ती त्यांनीं जवळून पाहिली होती. त्याच दशकांत त्यांनीं संस्कृतचें पहिलें व दुसरें पुस्तक रचिलें. तीं दोन पुस्तकें हातांत घेऊन पुढें कित्येक पिढ्या संस्कृत शिकल्या. माझ्या स्नेह्यांच्या पेटींत त्या पहिल्या पुस्तकाची एक जुनी प्रत आहे. ती आजवर तीनदां बांधली गेली आहे.

भांडारकर पुढें मुंबई व पुणें येथील कॉलेजांत प्राध्यापक झाले. सरकारच्या वतीनें जुन्या हस्तलिखित पोथ्यांचा शोध करण्याचें काम त्यांनीं अनेक वर्षें केलें. ज्या पोथ्या कोणाच्या माळ्यावर वाळवीच्या तोंडीं जावयाच्या होत्या, त्या त्यांनीं व त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या बुल्हर, कीलहॉर्न, पीटरसन अशा विद्वानांनीं मिळवून जतन केल्या. त्यांचे सहाध्यायी व प्रार्थनासमाजांतील सहकारी न्यायमूर्ति रानडे हे १९०१ सालीं, साठावें वर्ष लागण्यास दोन दिवस असतां... म्हणजे एकोणसाठ वर्षेंही पुरीं होण्यापूर्वीं, वारले. भांडारकरांना मात्र दीर्घायुष्य लाभलें. ६ जुलै १९१७ रोजीं त्यांना ऐंशीं वर्षें पुरीं होणार होतीं. त्यांच्या शिष्यांनीं व चाहत्यांनीं त्यांना विद्वानांच्या लेखांचा एक गौरवग्रंथ अर्पण केला. पण ते तेथेंच थांबले नाहींत. त्याच दिवशीं पुण्यास त्यांच्या नांवानें प्राच्यविद्येचें संशोधनमंदिर स्थापन झालें, आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन हे त्याचे पहिले अध्यक्ष झाले. भांडारकरांनीं आपला ग्रंथसंग्रह या संस्थेस दिला. १९१८ सालीं सरकारनें डेक्कन कॉलेजांतील सुमारें वीस हजार हस्तलिखितें तिच्या स्वाधीन केलीं. ज्या संग्रहासाठीं त्यांनीं उमेदीचीं वर्षें खर्चिलीं होतीं, तो संग्रह अशा रीतीनें त्यांच्याच नांवाच्या घरांत राहावयास आला. वाढदिवसाची भेट याहून यथोचित ती कोणती?

या भेटीचा खरा भाग मात्र यापुढें आहे. १ एप्रिल १९१९ रोजीं ८१ वर्षांच्या भांडारकरांच्या हस्तें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या कामास आरंभ झाला. देशांतील निरनिराळ्या प्रांतांच्या व लिपींच्या पोथ्या मिळवून, त्यांतील पाठ श्लोकाश्लोकानें ताडून, त्यांतल्या त्यांत जुना पाठ ठरवावयाचा, असें तें काम होतें. १९२५ सालीं भांडारकर वारले. काम चालूं राहिलें. प्रथम उत्गीकर यांनीं तें पाहिलें. १९२५ पासून १९४३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं तें वाहिलें. त्यांच्यामागून श्रीपाद कृष्ण बेलवलकर, व शेवटीं परशुराम लक्ष्मण वैद्य. १२५९ हस्तलिखितें पाहून १९ खंडांत ही आवृत्ति सिद्ध झाली, आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजीं राष्ट्रपति राधाकृष्णन् यांच्या हस्तें तिच्या पूर्तीचा समारंभ झाला. वाढदिवसापासून पूर्तीपर्यंत ४९ वर्षें लोटलीं होतीं. यांतील बेलवलकर व उत्गीकर हे ती संस्था उभारण्यासाठीं झटलेल्या तरुणांपैकींच होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांनीं गुरुजनांना दिलेली भेट म्हणजे नुसती इमारत नव्हती. त्यांनीं त्या कामास स्वतःला बांधून घेतलें होतें.

तिसरा प्रसंग महर्षि धोंडो केशव कर्वे यांचा. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजीं आपल्याच जिल्ह्यांत शेरवलीस झाला. त्यांचें गांव दापोलीजवळचें मुरुड. मुंबईच्या रॉबर्ट मनी स्कूल या मिशनच्या शाळेंतून ते १८८१ सालीं मॅट्रिक झाले, व १८८४ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांतून पदवीधर झाले. त्याच वर्षीं त्याच कॉलेजांतून पदवीधर झालेले गोपाळ कृष्ण गोखले हेही या जिल्ह्याचेच, गुहागराकडील कोतळूकचे. पुढें १८९१ सालीं गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवावयास गेले. १८९३ सालीं त्यांनीं देवरूखच्या एका विधवेशीं, म्हणजे त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या बहिणीशीं, पुनर्विवाह केला. तेव्हां मुरुडच्या गांवकऱ्यांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला. बहिष्काराच्या त्या काळांत जे मित्र पाठीशीं राहिले, त्यांनीं दिलेली भेट मला शंभराव्या वर्षाच्या सर्व सन्मानांहून मोठी वाटते.

कर्व्यांना अशीं माणसें भेटलीं. त्यांच्या आश्रमास जागा नव्हती, तेव्हां रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं पुण्याजवळ हिंगण्यास सहा एकर जमीन व झोपडी बांधण्यासाठीं ७५० रुपये दिले. १९१६ सालीं त्यांनीं स्त्रियांचें विद्यापीठ काढिलें, तेव्हां पहिल्या विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्या विद्यापीठाचे पहिले कुलपति होण्याचें ज्यांनीं पत्करलें, ते हेच भांडारकर. आणि पहिले कुलगुरु झाले ते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. हे परांजपे दापोलीजवळच्या मुर्डीचे, कर्व्यांचे नातलग लागत. त्यांना लहानपणीं कर्व्यांनींच शिकविलें होतें. कर्व्यांच्या हाताखालीं वाढलेला हा मुलगा केंब्रिजचा सीनियर रँग्लर होऊन आला, फर्ग्युसन कॉलेजाचा प्रिन्सिपॉल झाला, आणि त्याच कॉलेजांत कर्वे त्याच्या हाताखालीं गणित शिकवीत राहिले. विद्यार्थी, सहकारी व वरिष्ठ हीं तिन्ही नातीं एकाच माणसाशीं आलीं, तरी स्नेह कमी झाला नाहीं. १८ एप्रिल १९५८ रोजीं कर्व्यांना शंभर वर्षें पुरीं झालीं. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंडित नेहरूंच्या उपस्थितींत समारंभ झाला. त्याच वर्षीं त्यांना भारतरत्न मिळालें, व त्यांचें चित्र असलेलें टपालाचें तिकीटही निघालें. गोखल्यांना जाऊन तेव्हां ४३ वर्षें झालीं होतीं. पण १८९१ सालीं त्यांनीं लिहिलेलें तें बोलावणें नसतें, तर पुढचें बरेंच कांहीं घडलें नसतें.

या तीन प्रसंगांवरून मला जें दिसलें तें थोडक्यांत असें: शाल देणाऱ्याचें कर्तव्य त्या संध्याकाळीं संपतें. थैली दिली तर घेणाऱ्याच्या निःस्पृहतेवर तिचें सार्थक अवलंबून राहतें. परंतु ज्याचा सत्कार करावयाचा त्याचें काम जर देणाऱ्यानें आपल्या खांद्यावर घेतलें, तर भेट देणाऱ्याचें आयुष्यही त्या भेटींत खर्ची पडतें. म्हणूनच ती भेट दुर्मिळ असते, व म्हणूनच ती टिकते. कोणी म्हणेल, कीं कोठें महाभारताची आवृत्ति आणि कोठें फणसाच्या लांकडाची पेटी! तें खरें आहे. पण वाळवीपासून कागद वांचवून तो वाचणाऱ्याच्या हातीं द्यावयाचा, हें दोहोंकडचें काम जातीनें एकच आहे. ज्या मुलाला जूनमध्यें नीट बांधलेलें पुस्तक मिळालें, त्याच्या दृष्टीनें या दोहोंत कोणतें लहान, हें मी सांगूं शकणार नाहीं.

मीं हें सर्व माजी विद्यार्थ्यांपुढें मांडिलें, व मानपत्राचा बेत सोडून आम्ही एक साधी यादी केली. पेटी चालविण्यास चार माणसें पाहिजेत. एकानें एप्रिलांत वर्गावर्गांतून पुस्तकें गोळा करावीं, दोघांनीं मे महिन्यांत तीं बांधावीं, व एकानें जूनमध्यें दर शनिवारीं शाळा सुटल्यावर पेटीपाशीं बसावें. शनिवारचें काम मीं पत्करलें आहे. मला दाभण नीट धरतां येत नाहीं. पण पाहून न पाहिल्यासारखें करतां येतें, आणि त्या जागेस हीच मुख्य पात्रता लागते. बांधणीच्या एका जागेसाठीं एक माजी विद्यार्थिनी पुढें आली आहे. तिनें लहानपणीं त्या पेटींतून पुस्तकें नेलीं होतीं, असें तिनें आपण होऊनच सांगितलें. उरलेल्या दोन जागा हें लिहीपर्यंत रिकाम्या आहेत. त्या भरल्या नाहींत, तर पेटी एक-दोन वर्षें कशीबशी चालेल व मग बंद पडेल. हें मी लपवून ठेवीत नाहीं, आणि माझ्या स्नेह्यांपासूनही मीं तें लपविलेलें नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, पुस्तक शिवण्याची कला दोन दुपारींत येते. ती शिकविण्यास माझ्या स्नेह्यांचे हात आज जरी कांपत असले, तरी त्यांचा शब्द अजून स्थिर आहे. जोंवर तो आपल्याला ऐकतां येतो, तोंवर तो ऐकून घ्यावा. पालकांनाही एक विनंती आहे: परीक्षा संपल्यावर मुलांचीं पुस्तकें रद्दींत घालण्यापूर्वीं एकवार या पेटीची आठवण करावी. अमृतमहोत्सवाच्या दिवशीं शाळेच्या ग्रंथालयांत शाल नसेल व भाषणेंही नसतील. तेथें मैद्याची खळ, दाभण, दोरा, जात्याची जुनी तळी व माझे स्नेही असतील. ज्यांना त्यांचें अभिनंदन करावयाचें असेल, त्यांनीं एक जुनें पुस्तक घेऊन यावें, व तें बांधून होईपर्यंत बसावें.

— एक जुना सहशिक्षक